कांताबाईंचा मजूर पक्ष

कांताबाई मनवर पहिल्यांदा माझ्या तासाला आल्या तेव्हा त्यांच्या केसांत रुई अडकलेली होती. दारव्हा रोडवरच्या, कापसातली सरकी काढणाऱ्या एका जिनिंगमध्ये सकाळची पाळी करून त्या थेट वर्गात आल्या होत्या. वय एक्केचाळीस. पदराच्या गाठीत पेन आणि हातात मुलीची अर्धी भरलेली वही. वहीच्या मागच्या बाजूनं त्यांनी लिहायला सुरुवात केली होती.

ही गोष्ट २००४ च्या डिसेंबरची. दिग्रसच्या आमच्या कॉलेजात मुक्त विद्यापीठाचं अभ्यास केंद्र होतं आणि दर रविवारी दुपारी बी.ए.चे तास व्हायचे. राज्यशास्त्र माझ्याकडे होतं. समोर दोन अंगणवाडी सेविका, एक होमगार्ड, एसटीचा एक कंडक्टर आणि असेच आठ-दहा जण. सगळ्यांना पदवी हवी होती, आणि मलाही ती त्यांना लवकरात लवकर मिळवून देऊन घरी जायचं असायचं. मी टिपणं सांगायचो, ते उतरवून घ्यायचे.

कांताबाईंचं माहेर राजूरचं. वडील, उकंडा, तिथल्याच कोळशाच्या खाणीत कामाला होते. नववीत असताना लग्न होऊन त्या दिग्रसला आल्या. नवरा बसस्टँडजवळ सायकली दुरुस्त करायचा. मुलगी मोनाली दहावीला गेली तेव्हा तिची पुस्तकं या वाचायला लागल्या आणि मुलीच्या आधी यांनाच त्यांचा नाद लागला. मुक्त विद्यापीठाची पूर्वतयारी परीक्षा देऊन त्या बी.ए.पर्यंत पोचल्या होत्या.

त्या रविवारी मी ब्रिटनचे राजकीय पक्ष सांगत होतो. नेहमीच्या सुरात म्हणालो, "ब्रिटनमध्ये दोन प्रमुख पक्ष आहेत. हुजूर पक्ष आणि मजूर पक्ष. लिहा."

सगळ्यांनी लिहिलं. कांताबाईंनी पेन खाली ठेवलं.

"सर, मजूर पक्ष म्हंजे खरंच मजुराईचा? का नुसतं नाव?"

"खरंच. कामगार संघटनांनी स्थापन केला."

"कसा केला?"

"म्हणजे?"

"म्हंजे पक्ष काढाले तं मोठे मानसं लागते. वकील लागते, सावकार लागते. मजुराईनं कसा काढला? कोनं पयल्यांदा म्हनलं का आपन काढू? अन् लोकं हासले नाई काय त्याले?"

अकरा वर्षं मी तो धडा शिकवत होतो. स्थापना, ध्येयधोरणे, कार्य, एवढंच मला येत होतं. कोण म्हणालं आणि कोण हसलं, ते मला ठाऊक नव्हतं. मी म्हणालो, "वाचून सांगतो."

वर्गात असं म्हणण्याची माझी ती पहिलीच वेळ. पुढच्या शनिवारी मी एसटीनं यवतमाळला गेलो आणि ग्रंथालयात बसून दिवसभर वाचलं. परत येताना बसमध्ये मला जाणवलं की खूप वर्षांनी आपण स्वतःसाठी काही वाचलंय.

मग मी वर्गात सांगितलं. तिकडचे कामगार आधी मोठ्या पक्षांच्या दारात जायचे, आमचं एवढं काम करा म्हणून. निवडणुकीपुरता मान मिळायचा. कायर हार्डी नावाचा एक माणूस होता, दहाव्या वर्षी कोळशाच्या खाणीत गेलेला. तो म्हणाला, दुसऱ्याच्या तोंडून आपलं म्हणणं कुठवर मांडायचं? आपलीच माणसं संसदेत पाठवू. १८८८ साली तो पहिल्यांदा उभा राहिला आणि सपशेल पडला. चार वर्षांनी निवडून आला आणि संसदेत गेला तो साध्या कपड्यांत, साधी टोपी घालून. बाकीचे उंच काळ्या टोप्यांत. १९०० च्या फेब्रुवारीत लंडनच्या एका सभागृहात कामगार संघटनांचे शंभर-सव्वाशे लोक जमले आणि त्यातून हा पक्ष उभा राहिला. पहिल्या निवडणुकीत दोघंच निवडून आले. चोवीस वर्षांत त्यांचा पंतप्रधान झाला.

"खानीतला मानूस," कांताबाई म्हणाल्या. त्यांचा चेहरा असा झाला होता की जणू राजूरचाच कोणी ओळखीचा निघावा. "अन् बाया?"

"बायकांना तेव्हा मतच नव्हतं. पुढे मिळालं. १९२९ मध्ये त्यांच्या मंत्रिमंडळात पहिली बाई आली. मार्गारेट बाँडफील्ड. चौदाव्या वर्षापासून कापडाच्या दुकानात नोकरी करणारी."

हे नाव त्यांनी मला दोनदा विचारून वहीत लिहिलं.

तेव्हापासून रविवारचा तास बदलला. कंडक्टर साहेबही प्रश्न विचारायला लागले. १९४५ नंतर मजूर पक्षानं खाणी सरकारी केल्या हे सांगितलं तेव्हा कांताबाई म्हणाल्या, "आमची राजूरची खान सरकारनं घेतली तवा मी धा वर्साची होती. बा त्या दिवशी नवी बनियन घालून कामावर गेलता." दवाखाना सगळ्यांना फुकट केला, हे ऐकून अंगणवाडीच्या ममताताईंनी विचारलं, "सगळ्याइले? श्रीमंताइले पन?" होय म्हटल्यावर वर्गात अर्धा तास वाद झाला. आमच्या वर्गातला तो पहिला वाद. बाबासाहेबांनी १९३६ साली काढलेला स्वतंत्र मजूर पक्ष आणि हा पक्ष यांच्यात काय नातं, हेही कांताबाईंनीच विचारलं आणि मला पुन्हा यवतमाळची बस धरायला लावली.

दुसऱ्या वर्षी, २००६ च्या जानेवारीत, जिनिंगमध्ये अपघात झाला.

तो हंगाम वाईट होता. कापसाचा भाव पडला होता, सरकारी खरेदीचा भरवसा उरला नव्हता, आणि जो तो आपला माल खासगी जिनिंगच्या फाटकाशी आणून उभा करत होता. यंत्रं सोळा-सोळा तास चालायची. बायका ओळीनं उभ्या राहून यंत्रात कापूस सारायच्या. एका दुपारी मोतीबाई नावाच्या बाईचा पदर चालत्या पट्ट्यात गेला. कांताबाई दोन यंत्रं सोडून उभ्या होत्या. त्या धावल्या, कोणीतरी खटका बंद केला, पण तोवर मोतीबाईंचा उजवा हात कोपरापर्यंत चिरडला होता.

जिनिंगचे व्यवस्थापक सदाशिवराव. नात्यानं माझे मावसे. त्यांनी दुसऱ्या दिवशी सगळ्या बायकांना गोळा करून सांगितलं, "पदर सांभाळता येत नसेल तर घरी बसा. तिची चूक आहे. यंत्राची नाही."

कांताबाई संध्याकाळी माझ्या घरी आल्या. पहिल्यांदाच. माझ्या बायकोनं चहा ठेवला तोवर त्या उभ्याच राहिल्या.

"सर, चालत्या पट्ट्याले जाळी पाह्यजे असं कायद्यात हाय काय?"

माझ्याकडे कारखाना कायद्याचं एक पुस्तक होतं. आम्ही दोघांनी शोधलं. होतं. जाळी होती, बायकांसाठी वेगळा संडास होता, प्यायचं पाणी होतं, प्रत्येकीचं नाव हजेरीपटावर हवं हेही होतं. त्या जिनिंगमध्ये यातलं काहीच नव्हतं. मोतीबाईंचं नाव कुठंच लिहिलेलं नव्हतं, म्हणजे कागदावर त्यांचा हात तिथं गेलाच नव्हता.

कांताबाईंनी ते चारही मुद्दे आपल्या अक्षरात उतरवले. म्हणाल्या, "बस. एवढंच. पाचवं मांगायचं नाई. पाचवं मांगतलं का ते पाचव्यावरच भांडत बसतीन."

तिसऱ्या दिवशी सकाळी बासष्ट बायका फाटकाबाहेर बसल्या.

सदाशिवरावांनी मला फोन केला. "मास्तर, तुम्ही या बायकांना नेमकं काय शिकवता हो?"

"ब्रिटनचे राजकीय पक्ष," मी म्हणालो.

"थट्टा करू नका. इथं दोनशे गाड्या उभ्या आहेत."

ते खरं होतं, आणि तेच अवघड होतं. बायकांनी काम थांबवलं की कापूस थांबायचा, आणि फाटकाबाहेर शेतकऱ्यांच्या ट्रॅक्टरांची रांग लांबत जायची. आधीच भावानं गांजलेली माणसं. दुसऱ्या दिवशी त्यांतल्या काहींनी आरडाओरड सुरू केली. त्या रांगेत आर्णीहून आलेले माझे वडील, भगवानरावही होते. आमचा कापूस भरलेला ट्रॅक्टर सतराव्या क्रमांकावर. मी त्यांना डबा द्यायला गेलो होतो, म्हणून पुढचं मी डोळ्यांनी पाहिलं.

कांताबाई एकट्याच रांगेकडे आल्या. एकेका ट्रॅक्टरपाशी थांबत, बोलत. आमच्यापाशी आल्या तेव्हा माझे वडील तापलेलेच होते.

"बाई, तुमचं भांडण मालकाशी. आमाले कायले मारता?"

"बाबाजी, तुमचा कापूस कोन येचला?"

"बायाइनं येचला. अजून कोन?"

"त्याच बाया आमी. वावरात येचतो तवा तुमी म्हनता, बाई, बोंडाचा काटा लागन, जपून. इथं हात गेला तं कोनी जपून म्हनत नाई. मालक तुमाले म्हनते बायाइनं काम थांबवलं, म्हनून भाव पाडून घेतो. आमाले म्हनते कास्तकाराचा खोळंबा होते, म्हनून गुमान करा. दोघाइले एकमेकाच्या अंगावर घालून तो मधात उभा हाय. तुमी तिकडं जाऊन नुसतं म्हना, जाळी लावा अन् फाटक खोला. एका दिवसाचं काम हाय."

वडिलांनी डबा उघडला. डब्यातली भाकर मोडली, अर्धी कांताबाईंच्या हातावर ठेवली. मग उठले आणि पुढच्या सोळा ट्रॅक्टरवाल्यांना घेऊन फाटकाकडे गेले. माझे वडील आयुष्यात कधी कुणाच्या मोर्च्यात गेले नव्हते. त्या दिवशी त्यांचा आवाज रस्त्याच्या पलीकडे ऐकू येत होता.

मालकानं आर्णीहून बायका आणायचं ठरवलं होतं. टेम्पोही गेला. पण कांताबाई दोन दिवस आधीच एसटीनं आर्णीला जाऊन आल्या होत्या आणि तिथल्या बौद्ध वस्तीत आणि बंजारा तांड्यावर मोतीबाईंच्या हाताबद्दल बोलल्या होत्या. टेम्पो रिकामा परत आला. सहाव्या दिवशी यवतमाळहून कारखाना निरीक्षक आले. आठव्या दिवशी पट्ट्यांना जाळ्या बसल्या, प्यायच्या पाण्याची सोय झाली, हजेरीपटावर मोतीबाईंसह त्रेसष्ट नावं चढली. पहिलं नाव मोतीबाईंचं लिहायला लावलं. त्यांना नंतर सरकी तोलायच्या काट्यावर बसून करायचं काम मिळालं.

संडासाचं तेवढं राहिलं. नगरपरिषदेची परवानगी लागते, असं मालक म्हणाला. बायका नगरसेवकाकडे गेल्या. तो म्हणाला, बघतो. आमदाराच्या माणसाकडे गेल्या. त्यानं फोटो काढून घेतला. चार महिने गेले. एका रविवारी कांताबाई वर्गात आल्या त्या मोतीबाई आणि आणखी पाच बायकांना घेऊन. त्या बायका विद्यार्थी नव्हत्या. मागच्या बाकांवर बसल्या.

"सर, त्या खानीवाल्या मानसाची गोष्ट या बायाइले सांगा. दुसऱ्याच्या तोंडून बोलाचं नाई म्हने तो. मी सांगतलं तं त्याइले खरं नाई वाटत."

मी पुन्हा सगळं सांगितलं. मोतीबाईंनी विचारलं, "मंग आपल्याकडून कोन जाईन?" सगळ्यांनी कांताबाईंकडे पाहिलं. त्यांनी नाही-होय केलं नाही. लाजल्याही नाहीत. म्हणाल्या, "जाईन. पन एक हाय. मी जे करीन ते दर रविवारी तुमाले येऊन सांगीन. अन् तुमी नाई म्हनलं का नाई."

त्या वर्षाच्या अखेरीस नगरपरिषदेची निवडणूक लागली. आमचा वॉर्ड महिलांसाठी राखीव. दोन मोठ्या पक्षांची माणसं कांताबाईंच्या घरी येऊन गेली. तिकीट देतो म्हणाली. त्यांनी दोघांनाही पाणी दिलं आणि परत पाठवलं. अपक्ष उभ्या राहिल्या, शिलाई मशीन चिन्ह मिळालं. प्रचाराला बायका पाळी सुटल्यावर निघायच्या. केसांत रुई तशीच.

एकशे तेरा मतांनी त्या पडल्या.

निकालाच्या संध्याकाळी मी भीत भीत त्यांच्या घरी गेलो. मला वाटलं, ही सगळी हवा माझ्या धड्यानं भरली आणि आता फुगा फुटला. कांताबाई चुलीपाशी बसून घरात जमलेल्या वीस-पंचवीस बायकांसाठी पिठलं हाटत होत्या.

"या नं सर. बसा. जेवल्याबिगर जाऊ नका."

"वाईट झालं," मी म्हणालो.

"कायचं वाईट? सातशे लोकाइनं शिलाई मशीनले मत देल्लं. मागच्या साली माह्यं नाव हजेरीपटावर पन नव्हतं." त्यांनी पातेलं उतरवलं. "हार्डी पयल्या खेपेस पडला तवा तिसरा आलता, तुमीच सांगतलं. मी तं दुसरी हाय."

त्या खरोखरच खूश होत्या. मी दोन वेळा पिठलं घेतलं.

पुढची पाच वर्षं त्या निवडून आल्यासारख्याच वागल्या. बायकांची रविवारची बैठक चालू राहिली. जिनिंगचा संडास त्यांनी माहितीच्या अधिकारात अर्जावर अर्ज करून दीड वर्षात बांधून घेतला. बी.ए. झाल्या, दुसऱ्या वर्गात. परीक्षेत 'ब्रिटनच्या मजूर पक्षाच्या ध्येयधोरणांचे मूल्यमापन करा' असा प्रश्न आला होता. १९९५ साली पक्षानं उद्योग समाजाच्या मालकीचे करण्याचं जुनं कलम बदललं आणि दोन वर्षांनी मोठ्या बहुमतानं सत्ता मिळवली, हे त्यांनी लिहिलं होतं. खाली स्वतःचं मतही लिहिलं होतं. मी विचारलं, काय लिहिलं? "लिहिलं का, दार मोठं केलं तं लोकं जास्ती येते हे खरं. पन घर कोनाचं, हे पाटीवर राहू द्याव." परीक्षकांनी किती गुण दिले देव जाणे.

२०११ साली त्या पुन्हा उभ्या राहिल्या आणि चारशेवर मतांनी निवडून आल्या. मिरवणूक निघाली. ढोल होता, आणि माझे वडील आर्णीहून ट्रॅक्टर घेऊन आले होते. कांताबाई ट्रॅक्टरवर चढल्या नाहीत, बायकांबरोबर पायी चालल्या.

खरी कसोटी पुढच्या उन्हाळ्यात आली. बाजाराच्या मुख्य रस्त्यावर भाजी विकणाऱ्या चाळीसेक बायकांना गावाबाहेरच्या मैदानात हलवण्याचा ठराव आला. अपक्ष म्हणून कांताबाई नगरपरिषदेतल्या ज्या सत्ताधारी गटाला पाठिंबा देत होत्या त्यानंच तो आणला होता. गटाचे पुढारी त्यांना म्हणाले, "ताई, या ठरावाला हात वर करा. तुमच्या वॉर्डाची पाण्याची लाइन पुढच्या महिन्यात टाकतो." पाणी वॉर्डाला खरंच हवं होतं. बायका डोक्यावर हंडे घेऊन अर्धा किलोमीटर चालत होत्या.

कांताबाई रविवारी बैठकीला आल्या आणि सगळं जसंच्या तसं सांगितलं. मी तिथं होतो. पाणी म्हटल्यावर बहुतेकींनी एकदम म्हटलं, "करा नं हात वर. भाजीवाल्या काई आपल्या जिनिंगच्या नाई."

कांताबाई माझ्याकडे वळून म्हणाल्या, "सर, ते कापडाच्या दुकानातली बाई. मंत्री झालती ते. तिचं पुढं काय झालं ते या बायाइले सांगा."

मी हे त्यांना पूर्वी एकदा सांगितलं होतं. आता बायकांना सांगितलं. बाँडफील्ड मंत्री असताना तिकडे मोठी बेकारी आली. सरकारकडे पैसा नव्हता. मग तिच्याच खात्यानं कायदा केला आणि लग्न झालेल्या हजारो कामगार बायकांचा बेकारभत्ता गेला. त्याच वर्षी ती निवडणुकीत पडली.

"वाईट बाई नव्हती ते," कांताबाई म्हणाल्या. "आपल्यातलीच होती. वरून दबाव आला अन् तिनं हात वर केला. तुमी मले नाई म्हना नाईतर हो म्हना, मी ऐकीन, तसा शब्द हाय माह्या. पन भाजीवाल्या रामीबाईले आधी इथं बोलावू. तिच्या तोंडावर म्हना."

रामीबाई आली. तिनं फार काही सांगितलं नाही. मैदान बसस्टँडपासून किती लांब आहे, तिथं गिऱ्हाईक कोण येणार, आणि दुपारच्या उन्हात पालेभाजी किती वेळ टिकते, एवढंच सांगितलं. बायकांनी आपसात बराच वेळ घातला. पाण्यासाठी ज्या सगळ्यात जास्त बोलत होत्या त्यांच्यातलीच एक शेवटी म्हणाली, "राहू द्या. हंडे आजवर वाह्यलेच नं."

सभेत कांताबाईंनी ठरावाविरुद्ध हात वर केला. एकट्यांनी. ठराव पास झाला. गटानं त्यांना काढून टाकलं, पाण्याची लाइन लांबली. पण त्या तिथं थांबल्या नाहीत. बसस्टँडच्या मागच्या पडीक जागेचा नकाशा त्यांनी स्वतः पट्टी घेऊन काढला, भाजीवाल्यांच्या सह्या घेतल्या, दर सभेत तोच कागद पुढे ठेवला. सातव्या सभेला अध्यक्ष कंटाळून म्हणाले, "बाई, तुम्ही दमत कशा नाही?" त्या म्हणाल्या, "सोळा तास यंत्रापाशी उभी राह्यलेली हाय मी. इथं तं खुर्ची हाय." सभागृह हसलं. जागा त्याच दिवशी मंजूर झाली.

दिवाळीच्या आधी तिथं पत्र्याचे शेड उभे राहिले. पाण्याची लाइन त्याच्या पुढच्या वर्षी आली. तेव्हा वॉर्डातल्या बायकांनी नगरपरिषदेवर हंडे नेले होते आणि सगळ्यात पुढे रामीबाई आणि भाजीवाल्या होत्या.

परवा मी त्या शेडमध्ये मेथी घ्यायला गेलो. कांताबाई एका टोपलीवर बसून कुणाचा तरी अर्ज लिहून देत होत्या. मला पाहिल्यावर चष्मा वर करून म्हणाल्या, "सर, एम.ए.ले नाव टाकलं. आता फ्रान्सचे पक्ष हायेत म्हने पुस्तकात. तयारी करून ठेवा."

मी शनिवारच्या यवतमाळच्या बसची वेळ विचारायला स्टँडवर गेलो.